मदत हवी आहे: एकाला डोंगर, एकीला म्युझियम, मुक्काम कुठं?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून निघून मुंबईमार्गे १२ दिवस युरोपला जातोय. मला डोंगर आणि चालायच्या वाटा हव्यात. बायकोला चित्रं, जुनी चर्चेस. फ्लॉरेन्सच्या उफिझी या चित्रांच्या म्युझियममध्ये तिला अख्खा दिवस पाहिजे, आणि मी तासाभरात कॉफी शोधत बाहेर पडणार हे तिलाही ठाऊक आहे. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळं चढ नको.

ग्रुप टूरचे दोन कार्यक्रम बघितले. आठ देश, सगळा वेळ बसमध्येच. म्हणून स्वतःच आखलं: रोम २ रात्री, फ्लॉरेन्स ४ (उफिझी सोमवारी बंद, ते धरलंय), मग मिलानमार्गे रेल्वेनं स्वित्झर्लंड ५ रात्री, परतीचं विमान झुरिचहून. इटलीत रात्री जास्त म्हणून व्हिसाही इटलीचा, तेव्हा इटली कमी करा असं कृपया सुचवू नका. गाडी चालवणार नाही. ती शाकाहारी, माझं काही नाही, तांबडा-पांढरा मिळणार नाही एवढंच दुःख.

अडलंय ते त्या ५ रात्रींवर. इंटरलाकेनला राहिलो तर लाउटरब्रुनन हे डोंगरातलं गाव रेल्वेनं २० मिनिटांवर, पण तिला पावसात करायला फारसं काही नाही. बर्नला राहिलो तर जुनं शहर आणि पाउल क्ले यांच्या चित्रांचं केंद्र तिच्या हाताशी, पण मला डोंगरापर्यंत रोज सव्वा तासाच्या वर प्रवास. दिवसा वेगळं फिरून रात्री एकत्र जेवायचं, असं कुणी केलंय का? आणि पाचही रात्री एकाच ठिकाणी काढाव्यात, की ३-२ अशा वाटाव्यात?