टोरांटोची नोकरी, दोन वर्षं, नवरा इथेच

उंबरठ्यावर:
मंडळी, कंपनीने टोरांटोच्या ऑफिसात दोन वर्षांसाठी जाशील का म्हणून विचारलंय. मी डेटा इंजिनिअर आहे. संधी मला हवीच होती, उगाच आढेवेढे घेत नाही. नवऱ्याला मात्र लगेच येता येणार नाही. त्याची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे, हाताखाली माणसं आहेत, डोक्यावर कर्ज आहे. वर्षभरात कुणाला तरी तयार करून तो येईल, तोवर मी एकटी, असा कच्चा बेत आहे.

नातेवाइकांचं "मग मूल कधी?" चालू आहे, ते सोडा. मला खटकतंय ते वेगळंच. नवऱ्याला विचारलं की म्हणतो, "तू ठरव, माझी काही हरकत नाही." कुरकुर न करता, मनापासून. आणि तेच ऐकून मला जास्त धास्ती वाटते.

जे असे राहिलेत त्यांनी सांगा, निघण्याआधी काय बोलून घ्यावं? रोज फोन करा हे सगळेच सांगतात. वेळेचा फरक साडेनऊ तास.

कागदीवाघ:
बाकी बोलणं नंतर, आधी बेत तपासा. २१ जानेवारी २०२५ पासून कॅनडाने जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे (कुठल्याही कंपनीत काम करायच्या परवान्याचे) नियम आवळलेत. जोडीदार अर्ज करेल तेव्हा तुमच्या परमिटवर किमान १६ महिने शिल्लक लागतात. परमिट दोन वर्षांचं आणि नवरा अर्ज करणार वर्षभराने, म्हणजे उरले १२. मग तो पाहुणा म्हणून येईल, काम करता येणार नाही. मुदत वाढवून मिळणार असेल तर गोष्ट वेगळी, पण ते कंपनीकडून आत्ताच वदवून घ्या. शिवाय तुमचं काम टीईईआर (कॅनडाची कामांची प्रतवारी) ० किंवा १ मध्ये (किंवा २-३ मधल्या ठरावीक कामांत) बसावं लागतं. तुमचं बसायला हरकत नसावी, तरी परमिटसाठी कामाचा कोणता कोड लावतायत ते एचआरला विचारा.

आणि ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करायला प्रांताची नोंदणी लागते. नवऱ्याने त्याचंही बघून ठेवावं.

मागे राहिलेला:
मी त्या "हरकत नाही"वाल्यांपैकी. बायको टोरांटोत, मी इथे. म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

अगं, तो खोटं बोलत नाहीये. फक्त त्याचं उत्तर तू जाण्यापुरतं आहे. परत कधी, कोण कोणाकडे आधी येणार, तिकडचं भाडं आणि इकडचा हप्ता कसा भागवायचा, वर्षभराने लॅब सोडवेनाशी झाली तर काय, यांतलं काहीच त्याला कुणी विचारलेलं नाही. "मी जाऊ का?" हा प्रश्न आता बंद कर आणि हे एकेक विचार. "तू ठरव" म्हणणारा माणूस हप्त्याचा विषय निघाला की बरोबर बोलायला लागतो.

जाणाऱ्याला सगळंच नवं असतं, दमायला होतं पण दिवस जातो. मागच्याचं सगळं तेच असतं. मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला सांगू? ओटीपीचा. वीजबिल, गॅस, विमा, सोसायटीचं अ‍ॅप, सगळीकडे तिचा नंबर. मी इथे विम्याचा हप्ता भरायला बसणार, ओटीपी तिच्या फोनवर, आणि तिकडे रात्रीचे दोन. उठवावं तर जिवावर येतं, न उठवावं तर शेवटची तारीख. दोनदा यावरून कडाक्याचं वाजलं आणि दोन्ही वेळा भांडण विम्याचं नव्हतंच.

फोनचं म्हणशील तर रोजच्या फोनची हजेरी होते. "जेवलास का, हो, तू, हो." त्यापेक्षा ती स्ट्रीटकारमध्ये (तिकडच्या ट्राममध्ये) कानात इअरफोन घालून बसायची, मी इकडे इस्त्री करत असायचो. पाच-पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू जायची तिला. ते चाललं. वादाचे विषय मात्र शनिवारसाठी राखून ठेवा. एकाची झोप उतरलेली नसते आणि दुसरा झोपेला आलेला असतो, तेव्हा काहीही निकाली निघत नाही.

साडेनऊवर विसंबू नकोस. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे जातं आणि फरक साडेदहा होतो, थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. बायकोचे सगळ्यात वाईट फोन त्याच दिवसांतले. त्याची पहिली फेरी तेव्हाच ठेवा, उन्हाळ्यात तू रमलेली असशील. पहिले एक-दोन दिवस अवघडल्यासारखं होईल, हेही सांगून ठेव. तिच्या स्वयंपाकघरात ग्लास कुठे असतात हे मला विचारावं लागलं होतं.

पमाक्का:
वरच्या ग्लासवरून आठवलं. स्टॅफर्ड, मेरोला आणि कॅसल यांनी २००६ साली दूर राहणाऱ्या विद्यार्थी जोडप्यांवर अभ्यास छापला होता. जी जोडपी एका गावात राहायला आली त्यांतली साधारण एक तृतीयांश तीन महिन्यांत तुटली. ती लग्न न झालेली तरुण पोरं होती, तेव्हा आकडा स्वतःला लावून घेऊ नकोस. पण एकत्र आल्यावर आपली मोकळीक गेली, आणि दुसऱ्याचे दुर्गुण नव्याने कळले, ही त्यांची तक्रार लग्नाच्या माणसांनाही ओळखीची वाटेल. सगळे जाण्याची तयारी करतात. परत एकत्र राहायला लागाल तेव्हाचे पहिले काही महिने कुणाच्या यादीत नसतात.

उंबरठ्यावर:
कागदीवाघ, १६ महिन्यांचं ठाऊकच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. एचआरला मेल टाकलाय. नवऱ्याला हे दाखवलं तर "तू ठरव" गेलं कुठल्या कुठे, रात्री कागद घेऊन बसला. म्हणतोय लॅबसाठी भागीदार बघायचा तर सहा-आठ महिन्यांत बघू, किंवा मग मी पूर्ण दोन वर्षं इथेच, अधलंमधलं नको. दुसरं ऐकून पोटात गोळा आला, पण निदान तो बोलला.

मागे राहिलेला, ओटीपीचं शेवटी काय केलंत?

मागे राहिलेला:
बिलं, गॅस, विमा, सगळीकडे माझा नंबर टाकून घेतला. ती सुट्टीला आली तेव्हा. तू निघायच्या आधीच कर. तुझ्या बचत खात्याचंही बघ, अनिवासी झालीस की ते एनआरओ (अनिवासींचं खातं) करावं लागतं. जॉइंट असेल तर दोघं मिळूनच बँकेत जा, आणि सोमवारी जाऊ नका.