बांध पेटवला, शेजाऱ्याचं ठिबक जळालं: जाळपोळ की निष्काळजीपणा?

तापीकाठ (रावेर): एप्रिलातली दुपार, वारं सुटलेलं. शेजारच्या शेतकऱ्याने बांधावरचं गवत पेटवलं आणि आग आमच्या नात्यातल्या एकाच्या केळीत शिरली. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या, कडेच्या ओळी होरपळल्या, कडब्याची गंजी पार राख. पंचनामा झालाय. गावात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो जाळपोळीचा गुन्हा दाखल करा, दुसरा म्हणतो त्याने मुद्दाम थोडीच केलं.

मी पहिल्या तटात. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 326 (एफ), म्हणजे जुनं भादंवि (भारतीय दंड विधान) 435, नुसता हेतू मागत नाही. 'नुकसान होण्याचा संभव आहे' ही जाणीव असली तरी पुरतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. रावेर-यावलात जन्म गेलेल्या माणसाला एप्रिलात भर दुपारी काडी लावली की काय होतं ते माहीत नाही?

पारोळ्याचा भो: काय सांगस भो! बांध पेटाडा म्हनजे जाळपोळ व्हयनी का? मग आख्खा तालुका आत टाका. पऱ्हाट्या, गव्हाचं काड, बांध, उन्हाळ्यात कोण पेटवत नाही? भरपाई मागा, ती रास्त आहे. सात वर्षांची भाषा कशाला?

कोर्टकचेरी (धुळे): भो, 'सगळेच करतात' हा बचाव कोर्टात टिकत नाही. पण तापीकाठ, तुम्हीही एक पायरी गाळताय. 'त्याला माहीत होतं' आणि 'त्याला माहीत असायला हवं होतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी म्हणजे निष्काळजीपणा. त्याला कलम 287 आहे, जुनं 285: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 326 साठी त्याच्या डोक्यात प्रत्यक्ष काय होतं ते सिद्ध करावं लागतं, आणि ते आजूबाजूच्या गोष्टींवरूनच ठरतं. फवारणीचा पंप पाणी भरून जवळ ठेवला होता का? कडेने पट्टा नांगरून घेतला होता का? बांधावरून आधीचं भांडण होतं का? कोणी 'आत्ता पेटवू नको' म्हणून टोकलं होतं का?

तापीकाठ: पट्टा नाही, पाणी नाही. भांडणही नाही, हे मान्य. पण 287 माणसाच्या जिवाच्या धोक्याबद्दल आहे ना? इथे जळाल्या नळ्या. म्हणजे ते कलम लागतच नाही!

कोर्टकचेरी: लागतं. त्यात जिवाच्या धोक्याबरोबर 'दुखापत किंवा क्षती' आहे, आणि क्षतीच्या व्याख्येत शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता, चारही येतात. हे बरेच जण वाचतच नाहीत, आमच्यातले वकीलसुद्धा.

शिरपूरची वहिनी: मला वेगळंच विचारायचंय. आग बागेत शिरल्यावर तो माणूस काय करत होता?

तापीकाठ: मोटरसायकलला किक मारून घरी गेला. दोघांनी पाहिलंय. फोन नाही, हाक नाही.

शिरपूरची वहिनी: मग काडी लावतानाचं सोडा! इंग्लंडात 1983 चा मिलर खटला आहे. दुसऱ्याच्या घरात घुसून राहिलेला माणूस पेटती सिगारेट हातात घेऊन झोपला. जाग आली तर गादी धुमसतेय. हा उठला आणि शेजारच्या खोलीत जाऊन झोपला. घर पेटलं. झोपेत कसला हेतू, पण आग दिसल्यावर काहीच न करणं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा धरला. आपल्याकडेही कृतीत बेकायदेशीर अकृती, म्हणजे कायद्याने करायला हवं ते न करणं, धरतात.

पारोळ्याचा भो: ताई, तो घाबरला असेल! आग पाहून माणूस पळतो.

शिरपूरची वहिनी: पळावं की, पण पळता पळता हाक मारता येते. फोन खिशातच असतो.

कोर्टकचेरी: वहिनींचा मुद्दा भारी आहे, थोडं पाणी घालतो. इंग्लंडच्या कायद्यात बेदरकारपणाही पुरतो, आपल्या 326 मध्ये हेतू किंवा जाणीवच लागते. पण ज्वाळा बागेत दिसल्यावर 'जाणीव नव्हती' म्हणणं फार अवघड. मी फिर्यादीकडून असतो तर काडीपेक्षा त्या मोटरसायकलवर जास्त जोर दिला असता.

जळगावचा दलाल: थोडं अवांतर. स्वतःचाच माल पेटवला तर? आमच्याकडे कुठे जिनिंगला आग लागली की लोक आधी विम्याचंच कुजबुजतात. (बहुतेक वेळा उगाच. कापसाला ठिणगी पुरते.)

कोर्टकचेरी: स्वतःच्या मालमत्तेवरही 'आगळीक' (कायद्यात: जाणूनबुजून केलेलं मालमत्तेचं नुकसान) होते, कायद्यात स्पष्टीकरणच आहे. विमा उतरवलेलं जहाज मुद्दाम बुडवण्याचं उदाहरण इंग्रजांच्या काळापासून त्या कलमाखाली आहे. नुकसान मालकाचंच व्हायला हवं असं नाही.

तापीकाठ: पंपाची खोलीही काळी पडलीय, आत खताच्या गोण्या होत्या. मग 326 (जी) का नको? इमारत, मालमत्ता ठेवण्याची जागा…

कोर्टकचेरी: भाऊ, हात आखडता घ्या. (जी) मध्ये इमारत नष्ट करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. भिंत काळी पडली म्हणून तिथे उडी मारली तर खरी केसही संशयात जाते.

पारोळ्याचा भो: एवढं करण्यापेक्षा सरपंचापुढे बसा, नळ्यांचे पैसे घ्या, मिटवा.

कोर्टकचेरी: पैसे घ्या, हरकत नाही, दिवाणी दावाही करता येतो. पण 326 (एफ) आपसात मिटवण्याच्या यादीत नाही. एकदा गुन्हा दाखल झाला की रद्द करून घ्यायला उच्च न्यायालय गाठावं लागतं. म्हणून तडजोड करायची असेल तर पोलीस स्टेशनची पायरी चढायच्या आधी ठरवा.

तापीकाठ: तडजोडीला तो आलाच नाही, दोनदा निरोप धाडला. उद्या जबाब आहे.

कोर्टकचेरी: मग ज्या दोघांनी पाहिलं त्यांचे जबाब त्याच दिवशी नोंदवा. वेळ, वाऱ्याची दिशा, आग बागेत शिरली तेव्हा तो किती अंतरावर होता आणि निघाला कधी. 'मुद्दाम जाळलं' हे शब्द त्यांच्या तोंडी घालू नका, उलटतपासणीत पहिले तेच सोलले जातात.