अमेरिकी विद्यापीठांतला स्त्री-अभ्यास: इतिहास वाचायला कुठून सुरुवात करू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकला समाजशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. प्रबंधिकेसाठी अमेरिकी विद्यापीठांत स्त्री-अभ्यास कसा रुजला हा विषय घेतलाय. मार्गदर्शक बाईंनी मान डोलावली, पण वाचनाची यादी तुझी तूच कर म्हणाल्या. गूगल केलं की एक तर स्त्रीवादाची पहिली लाट-दुसरी लाट समजावणारे लेख येतात, नाहीतर थेट जुडिथ बटलर यांच्यासारख्या सिद्धान्तकार. मला सिद्धान्त नकोय. कोर्स कुणी सुरू केले, पैसे कुठून आले, आडवं कोण आलं, असा संस्थांचा इतिहास हवाय. महागडी पुस्तकं परवडणार नाहीत, फुकट किंवा लायब्ररीत मिळेल असं सुचवा. आणि हो, यादी आटोपशीर असू द्या!

पुस्तककीडा
एकच पुस्तक वाचायचं तर मॅरिलिन बॉक्सर यांचं 'व्हेन विमेन आस्क द क्वेश्चन्स' (1998). बाई स्वतः कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठात या विषयाच्या प्रमुख होत्या, त्यामुळे आतली माहिती आहे. पुस्तक नाही मिळालं तर त्यांचाच 1982 चा लांबलचक लेख 'साइन्स' या नियतकालिकात आहे. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर खातं उघडलं की महिन्याला ठरावीक लेख फुकट ऑनलाइन वाचता येतात, त्यात तो उरकून टाका.
दुसरं म्हणजे फ्लॉरेन्स हॉव यांनी संपादित केलेलं 'द पॉलिटिक्स ऑफ विमेन्स स्टडीज' (2000). सुरुवात करणाऱ्या तीस बायकांच्या आठवणी. गप्पांसारखं वाचत जावं. पण आठवणीच त्या, प्रत्येकीला आपलंच विद्यापीठ आधी वाटतं. तारखा बॉक्सरशी ताडून घ्या.

बर्फातली_बखर
मी अमेरिकेत, मिडवेस्टमध्ये एका सरकारी विद्यापीठात शिकवते, विषय इतिहास, पण माझे दोन कोर्स स्त्री-अभ्यासाच्या यादीतही लागतात. म्हणून थोडं सविस्तर.
गोदाकाठ, तू पैसे कुठून आले हे विचारलंस ना, तिथूनच सुरू कर. बाकीचा इतिहास आपोआप उलगडेल. बहुतेक ठिकाणी हा विषय 'विभाग' म्हणून नव्हे, 'प्रोग्राम' म्हणून आला, आणि फरक मोठा आहे. विभागाला स्वतःच्या जागा असतात, तो माणसं नेमतो, त्यांना कायम करायची शिफारस करतो. प्रोग्रामकडे यातलं फारसं काही नसतं. इतिहासाच्या बाई इतिहासाच्या पगारावर 'अमेरिकी इतिहासातील स्त्रिया' शिकवणार, इंग्रजीच्या बाई कादंबऱ्या शिकवणार, आणि प्रोग्राम त्या कोर्सची एक यादी करून त्यावर आपलं नाव घालणार. संचालक बाईंना एखाद्या तासाची सूट, कचेरीत अर्धवेळ कारकून. बढतीची वेळ आली की निर्णय मूळ विभागाच्या हातात, आणि तिथे कुणीतरी विचारणारच, 'हे ठीक आहे, पण खरं संशोधन कुठे आहे?'
सॅन दिएगो स्टेटला 1970 मध्ये मंजुरी मिळाली. पहिला प्रोग्राम म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. मागणी विद्यार्थिनींनी आणि काही शिक्षिकांनी लावून धरली होती, वरून कुणी दिलेलं दान नव्हतं. सगळे मिळून निर्णय घेऊ, कुणी वरिष्ठ नाही, अशी सुरुवातीची पद्धत. विद्यापीठाच्या चौकटीत ते बसणं कठीणच होतं. शेवटी 1974 मध्ये मूळ शिक्षिका एकदमच राजीनामे देऊन बाहेर पडल्या. चळवळीचा हात धरून विद्यापीठात शिरायचं की विद्यापीठाचे नियम पाळून टिकायचं, हा वाद तिथे पहिल्या चार वर्षांतच पेटला. तुझं एक प्रकरण इथेच तयार आहे.
आता फुकट साहित्य. 'फीमेल स्टडीज' नावाचे खंड शोध. त्या काळात कोर्स सुरू करणाऱ्या बायका आपापल्या अभ्यासक्रमांची टिपणं एकमेकींना पाठवायच्या. ती गोळा करून पिट्सबर्गच्या 'नो' नावाच्या छोट्या प्रकाशनाने 1970 पासून खंड काढले. पहिला शीला टोबायस यांनी संपादित केला. काही खंडांच्या स्कॅन प्रती 'एरिक' या सरकारी शिक्षणविषयक संग्रहात आहेत. टंकलेखन यंत्रावर बडवलेली पानं, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल नोट्सच जणू. व्हर्जिनिया वुल्फ आणि सिमोन द बोव्हार यांच्या शेजारी एखादं चळवळीचं पत्रक, खाली सूचना की विद्यार्थिनींनी रोजनिशी ठेवावी. या बायकांकडे काय होतं आणि काय नव्हतं, हे अशा पानांतून जितकं कळतं तितकं नंतरच्या सिद्धान्तातून कळत नाही.

तिखटमीठ
वाचतोय. पण स्पष्ट विचारतो, हा अभ्यास होता की आंदोलन? मतं आधी ठरवून मग पुरावे शोधणं असं नव्हतं ना?

बर्फातली_बखर
@तिखटमीठ, दोन्ही होतं, आणि लपवत कुणीच नव्हतं. पण इतिहासकार गर्डा लर्नर यांचं काम बघा. त्यांनी 1972 मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात स्त्रियांच्या इतिहासाचा एम.ए. सुरू केला. तिथे पत्रं, दप्तरं, खटल्यांची कागदपत्रं चाळायला शिकवायचे. त्यासाठी रॅडक्लिफची श्लेसिंजर लायब्ररी आणि स्मिथ कॉलेजचा सोफिया स्मिथ संग्रह 1940 च्या दशकापासून बायकांचे कागद जमवून बसले होते. मसाला आधीच होता, तो तपासायला माणसं नंतर आली.

काळी_मैना
वरच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय. 'बायका' म्हणजे कोणत्या बायका? 1982 मध्ये ग्लोरिया हल, पॅट्रिशिया बेल स्कॉट आणि बार्बरा स्मिथ यांनी 'बट सम ऑफ अस आर ब्रेव्ह' काढलं. कृष्णवर्णीय स्त्रियांचा अभ्यास असाच विषय मांडलेला. त्यातही मागे कोर्सची टिपणं जोडली आहेत, 'फीमेल स्टडीज'च्या शेजारी ठेवून वाच. अमेरिकेतली स्त्री-अभ्यासाची राष्ट्रीय संघटना 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्थापन झाली, आणि 1990 च्या ॲक्रन (ओहायो) इथल्या अधिवेशनात संघटनेच्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी बाईला काढल्यावरून बिगरगोऱ्या सदस्यांपैकी बऱ्याच जणी सभा सोडून गेल्या. तीस आठवणींच्या पुस्तकात रमलीस तर हे निसटेल.

गोदाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! दोन शंका. एक, 'स्त्री' जाऊन 'जेंडर' नाव आलं ते घ्यायचं का? दोन, भारताशी तुलना करू का? बाई विचारतीलच.

पुस्तककीडा
नावबदल एका परिच्छेदात आटपा. 1990 नंतर ठिकठिकाणी नावं बदलली, त्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात बुडाल तर वर येणार नाही.

काळी_मैना
तुलना प्रकरणभर नको, पण खरा धागा आहे तो घे. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात 1974 मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं केंद्र निघालं, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. पुणे विद्यापीठाचं केंद्र 1987 चं, तिथे शर्मिला रेगे यांनी जात आणि लिंगभाव एकत्र शिकवले. शिवाय मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती. पाश्चात्त्य स्त्रीवाद 'तिसऱ्या जगातली बाई' कशी एकसाची रंगवतो यावर त्यांनी 1980 च्या दशकात लिहिलेला निबंध अमेरिकेत आजही वर्गात लावतात. पैशांचा मुद्दा इथेही लागू. 2017 मध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) निधीचं काय होणार म्हणून आपली केंद्रं धास्तावली होती.

बर्फातली_बखर
अनुमोदन. तिकडचंही ताजं उदाहरण आहे. फ्लोरिडाच्या न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी 2023 मध्ये जेंडर स्टडीज बंद करायचा ठराव केला. पण ते तळटीपेत टाक, मजकुरात नको, नाहीतर प्रबंधिका वर्तमानपत्रासारखी होईल. कालखंड 1970 ते 1990 ठेव: सॅन दिएगोला पहिला प्रोग्राम, 1990 ला एमरी विद्यापीठात या विषयाचा पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम. ॲक्रनही त्याच वर्षी. आणि श्लेसिंजरला ईमेल करून बघ. नेमकी पेटी आणि फोल्डर क्रमांक ऑनलाइन सूचीतून शोधून लिहिलंस तर ग्रंथपालांना मदत करणं सोपं जातं.

गोदाकाठ
सूची उघडलीय. 'फीमेल स्टडीज'चा एक खंड एरिकवर सापडला, डाउनलोड होतोय. जेस्टोरचं खातं रात्री काढते.