युरोपच्या एआय कायद्यातून आमचं टूल सुटतं का? मदत हवी आहे

मंडळी, पुण्यात आमची पाच जणांची कंपनी आहे. नोकरीचे अर्ज वाचून उमेदवारांना शंभरपैकी गुण देणारं सॉफ्टवेअर बनवतो. जर्मनीतल्या ग्राहकाचा काल मेल आला: एआय कायद्यात तुम्ही कुठे बसता ते लेखी द्या.

२०२४ चा तो कायदा उघडला. परिशिष्ट ३ मध्ये नोकरभरती सरळ ‘उच्च जोखीम’. कलम ६(३) किरकोळ कामांना सूट देतं, पण माणसाचं प्रोफाइलिंग (म्हणजे त्याच्या माहितीवरून आपोआप त्याचं मूल्यमापन) केलं की सूट गेली. गुण काढून टाकले आणि नुसता शिक्षण-अनुभवाचा तक्ता भरून दिला, तर चालेल का?

नियम नकोत असं नाही हं. आमच्याच चाचणीत मुलासाठी तीन वर्षं घरी राहिलेल्या एका बाईंचा अर्ज तळाला गेला होता. पण कागदपत्रांना माणसं कुठून आणू? सँडबॉक्समध्ये (सरकारी देखरेखीखाली एआय तपासून पाहायची सोय) छोट्या कंपन्यांना आधी प्रवेश आहे, तोही युरोपात कार्यालय किंवा शाखा असलेल्यांनाच.

उच्च जोखमीचे नियम लागू होण्याची ऑगस्ट २०२६ ची मुदत पुढे ढकलण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला, त्यावर ग्राहक विसंबायला तयार नाही.

तिकडे अधिकृत प्रतिनिधी (बाहेरच्या कंपनीच्या वतीने युरोपात या कायद्याचं काम बघणारा) कोणी नेमलाय का? साधारण खर्च किती आला?