मदत हवी आहे: टाकीत गटाराचं पाणी गेलंय, ब्लिचिंग पावडर किती घालायची?

मंडळी, जाणकारांनी लवकर सांगा प्लीज. आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो, परवाच्या पावसात रस्त्यावरचं पाणी सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीत शिरलं, 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय दाखवलं ते माहितीच आहे त्यामुळे सगळे धास्तावलेत. टाकी 10,000 लिटरची, उपसून झालीये पण तळाला बोटभर गाळ आहे आणि कुबट वास येतोय. कमिटीतले एक काका म्हणतात ब्लिचिंग टाका, वरून बाथरूमचं ॲसिड ओता, दोन्हीत क्लोरीनच असतं मग डबल काम होईल. मला हे बिलकुल पटत नाहीये. घरोघरी लहान मुलं आहेत हो, नीट प्रमाण सांगा.

उत्तर:
ताई, आधी ते ॲसिड थांबवा! क्लोरीन दोन्हीत आहे हे खरं, पण ब्लिचिंगमध्ये तो हायपोक्लोराइटच्या रूपात बांधलेला असतो, ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी सैनिकांवर सोडला तोच. हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, म्हणजे टाकीच्या तळाशीच साचणार आणि घासायला माणूस तिथेच उतरलेला.

गाळ पूर्ण काढा, भिंती घासून धुवा, गाळ राहिला तर तोच क्लोरीन खाऊन टाकतो. मग टाकी भरून दीड किलो ताजी पावडर (33 टक्के क्लोरीनवाली), 12 तास ठेवा आणि सगळं पाणी सोडून द्या. पावडर थेट टाकू नका, बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरची निवळ तेवढी ओता. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिचा जोर गेलेला असतो.

नंतर रोजच्या पाण्याला 1000 लिटरला अडीच ग्रॅम, अर्ध्या तासाने तपासा, लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे.

प्रश्नकर्ती:
खूप आभार, हे आत्ताच ग्रुपवर टाकते. वरच्या मजल्यांवर आरओ आहेत, ते चालू ठेवले तर चालतील का?

उत्तर:
नाही, ते 12 तास बंदच. एवढ्या क्लोरीनने आरओचा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा, खराब होतो. गच्चीवरच्या टाकीचा पंप पण बंद ठेवायला सांगा वॉचमनला, नाहीतर ते पाणी नळांना जाईल.