पडापडीचे पिक्चर मुलांना दाखवावेत का? परवा आजोबा थोडक्यात वाचले

कोथरूडची_आई:
आमचे साडेसहा वर्षांचे चिरंजीव सुट्टीत ‘होम अलोन’ चौथ्यांदा बघतायत, तो दोरीला बांधलेला रंगाचा डबा चोराच्या तोंडावर आपटतो ना तिथे मागे घेऊन घेऊन पोट धरून हसतो, आणि खोटं कशाला बोलू, मी पण हसते. पण परवा पठ्ठ्याने त्यातल्यासारख्याच खेळण्यातल्या गाड्या बाथरूमच्या दारात मांडून ठेवल्या आणि सासरे धुण्याची बादली घेऊन बाहेर! दाराची कडी हाताशी आली म्हणून वाचले. बंद करू का असले पिक्चर?

सदाशिवपेठी:
पिक्चर राहू दे, गाड्या उचलायला शिकवा.

रिळवाला:
बंद कशाला, मूकपटांतला तो विनोदी नट बस्टर कीटन दाखवा. 1928 च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि हा नेमका वरच्या उघड्या खिडकीच्या जागी उभा म्हणून सुटतो. भिंत खरी होती हो, जरा इकडेतिकडे झाला असता तर गेलाच होता, आणि चेहरा मख्ख! हल्ली कोणी घसरला की चार कट, वर ‘बोइंग’ आवाज, म्हणजे हसा आता.

दोन_पोरांची_ताई:
भिंत खरी होती असं सांगाल तर उद्या कपाट पाडून बघतील 😄 ‘होम अलोन’मध्येच चोराच्या तोंडावर इस्त्री पडते तिथे मी पॉज करून लेकीला विचारलं, खरंच पडली तर काय होईल गं? म्हणाली, टेंगूळ. आणि मग डॉक्टर? तर म्हणे, त्या पिक्चरमध्ये डॉक्टरच नाहीयेत ना.

अठ्ठ्याण्णव_किलो:
पडण्याचं मला काही वाटत नाही, पण जाड्या माणूस पिक्चरमध्ये फक्त खुर्ची मोडायलाच आणलेला असतो ना त्याचा वैताग येतो. भाच्यांना घेऊन गेलो होतो, तसा सीन आला आणि पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली, मी आपला पॉपकॉर्नमध्ये तोंड घालून बसलो. त्यापेक्षा ‘बनवाबनवी’त लक्ष्या साडी नेसून घरमालकिणीसमोर वावरतो ते बघा, हसू येतं ते आता पकडला जाणार या धास्तीचं, कोणाचं डोकं फुटत नाही.

कोथरूडची_आई:
सासऱ्यांना वाचून दाखवलं सगळं. ते म्हणतायत गाड्यांची जागाच चुकली, जिन्यात मांडायला हव्या होत्या. आता दोघांचाही टीव्ही बंद.