जांघेत आणि खाली भयंकर खाज, लवकर उपाय सांगा (मदत हवी आहे)

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. जांघेत आणि खाली भयंकर खाज सुटली आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त. रात्री झोप नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, द्राक्षबाग पेस्टिंगला (डोळे फुटायला काड्यांना औषधाची पेस्ट लावायला) आली आहे, माणसं लावलीत. दवाखान्यात बसून राहायला वेळ नाही. चांगल्या ट्यूबचं नाव सांगा, बाकी काही नको.

कृष्णाकाठ
दादा, 'खाली' म्हणजे नक्की कुठं? जांघेच्या घडीत, अंडकोषावर, का लिंगाच्या टोकाला? तिन्हीची कारणं वेगळी असतात. चट्ट्याची कड लाल, उचललेली आणि बाहेर सरकत चाललीय का? ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचून सांगा.

वाईचे_अण्णा
ट्यूबांच्या नादी लागू नका. करंजाचं तेल आणि भीमसेनी कापूर, सकाळ-संध्याकाळ. आमच्या वडिलांनी आयुष्यभर दुसरं काही लावलं नाही.

विट्याचा_फार्मासिस्ट
अण्णा, खाजवून सोललेल्या जागी कापूर लावला तर माणूस रात्रभर येरझाऱ्या घालेल. तिथली कातडी फार पातळ असते. तळहातावर जे चालतं ते तिथं चालत नाही.

वाईचे_अण्णा
तुमचा धंदा ट्यूबांचा, तुम्ही असंच म्हणणार.

कराडच्या_काकू
आमच्या नातवाला लंगोटामुळं असंच लाल व्हायचं. दिवसातून थोडा वेळ मोकळं ठेवलं आणि खोबरेल लावलं, बरं झालं.

बागायतदार_तासगाव
काकू, मी पंचेचाळीसचा आहे.
ट्यूबवर क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन असं लिहिलंय. सुरुवात जांघेच्या घडीत झाली, गोल चट्टा होता. आता कड नीट दिसत नाही, नुसता लालभडक पट्टा मांडीपर्यंत गेलाय. टोकालाही लाल झालंय, कातडी मागं घेताना चिरते, आत पांढरं साचतं. रोज डेटॉलनं धुतो. आता तरी नाव सांगा.

विट्याचा_फार्मासिस्ट
क्लोबेटासॉल हे सगळ्यात कडक स्टिरॉइडांपैकी एक. जांघेत गजकर्ण होतं ते बुरशीमुळं. स्टिरॉइड लावलं की खाज आणि लाली दबते, म्हणून 'गुण आला' वाटतं, पण बुरशी आत पसरत राहते आणि तिची गोल कडही पुसली जाते. मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जास्त दिवस लावलं तर जांघेत कायमचे चरे पडतात. २०१८ साली सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून सर्रास दिली जातात. माझ्याच व्यवसायातली ही गोष्ट आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो.
डेटॉल आजपासून बंद. साधं पाणी, आणि नंतर नीट कोरडं करा.

मिरज_रेल्वे_कॉलनी
ही खरूज आहे, लिहून घ्या. रात्री खाज म्हणजे खरूजच. परमेथ्रिन (खरजेचं मलम) मानेपासून पायापर्यंत लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आठवड्यानं परत.

कृष्णाकाठ
खरजेत बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ असतं आणि लिंगावर, अंडकोषावर खाजऱ्या गाठी येतात. ते विचारल्याशिवाय लिहून कसं घ्यायचं? पांढरं साचणं आणि कातडी चिरणं हे कँडिडा बुरशीचं जास्त वाटतं. दादा, शुगर आहे का?

मिरज_रेल्वे_कॉलनी
मी माझा अनुभव सांगितला. आमच्या अख्ख्या चाळीत पसरली होती.

द्राक्षमित्र_पलूस
पेस्ट स्वतः लावता का? पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाईड कातडी जाळतं. हातमोजे हवेतच, आणि लघवीला जायच्या *आधी* हात साबणानं धुवायचे. आमच्याकडं सगळे नंतर धुतात. अंडकोषाची कातडी औषध सगळ्यात जास्त शोषते, मग ते फवारणीचं असो का ट्यूबमधलं. फवारून आलं की ओली चड्डी लगेच बदला.

बागायतदार_तासगाव
बोटांत, बेंबीजवळ काही नाही. शुगर आहे, गोळी चालू आहे, डापाग्लिफ्लोझिन. गेल्या उन्हाळ्यात बदलून दिली. त्याचा इथं काय संबंध? मालकिणीलाही खाज आहे, पण ते बायकांचं वेगळं असेल.

विट्याचा_फार्मासिस्ट
संबंध तिथंच आहे, दादा. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. ती साखर टोकाच्या कातडीखाली राहते आणि कँडिडाला आयतं खाद्य मिळतं. या गोळीचा हा माहीत असलेला त्रास आहे. वहिनींचंही वेगळं धरू नका, दोघांनाही दाखवा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होत राहील. तुमचे दोन वेगळे त्रास दिसतात, जांघेतला आणि टोकाचा, त्यामुळं एका ट्यूबचं नाव मी सांगणार नाही. जांघेतल्या बुरशीला बहुधा पोटातून गोळ्या लागतील आणि चट्टा गेल्यावरही काही आठवडे औषध चालू ठेवावं लागेल. टॉवेल वेगळा ठेवा, चड्ड्या उन्हात वाळवून इस्त्री करा.
सूज, ताप, असह्य दुखणं किंवा कातडी काळी पडणं, यातलं काही झालं तर बाग तशीच सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

वाईचे_अण्णा
शुगरचं आधी सांगायला हवं होतं. मग करंज राहू द्या.

बागायतदार_तासगाव
हे मेडिकलवाल्यानं विचारलंच नव्हतं. मिरजेच्या सिव्हिलला त्वचेचं बघतात का? तोवर शुगरची गोळी बंद करू का?

कृष्णाकाठ
बघतात, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. गोळी मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन करा, बदलायची का ते तेच सांगतील. जाताना गोळीचं पाकीट आणि ती ट्यूब दोन्ही सोबत न्या. आदल्या दिवशी काही लावून जाऊ नका. बुरशी बघायला ते कातडी थोडी खरवडून घेतात, मलम असेल तर नीट दिसत नाही.